फिरस्त्याला हात नसतात

आमच्या कुवेंपुनगरच्या घराच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षं एक गृहस्थ भाड्यानं राहत होते. त्या नऊ वर्षांत त्यांनी कोणालाही एकदासुद्धा पत्ता विचारला नाही. फोनवरचा नकाशाही कधी उघडला नाही. पाटी असेल तिकडे जायचं, नसेल तर परत यायचं. "ज्याला आपण सापडावं असं वाटतं, तो पाटी लावतो," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना चेहऱ्यावर गमतीचा लवलेश नसायचा.

एकदा विजयनगरला आमच्या नात्यातलं लग्न होतं. ते स्कूटरवरून एकटे निघाले. मोठ्या रस्त्यावर फुलांनी सजवलेला एक फलक आणि बाण दिसला, त्या बाणामागे गेले, जेवले, वधूवरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी आले. संध्याकाळी मला म्हणाले, "जेवण उत्तम होतं काकू, पण तुम्ही कुठे दिसला नाहीत."

"अहो, नवऱ्या मुलीचं नाव तरी वाचायचं!"

"वाचलं ना. पण तुमच्या लग्नाचा बाण कुठे होता?"

आमच्या लग्नाला बाण नव्हता, हे खरंच होतं. समाजाचं छत्र, म्हणजे आमचं मंगल कार्यालय, कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊकच असतं असं आम्ही धरून चाललो होतो. ज्याला ठाऊक नसेल तो आमचा नसेल, इतकं साधं गणित होतं. त्या गणितात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही.

तुम्ही दोघं नातवंडं सुट्टीत आलात तेव्हा त्यांना पाहिलं आहे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, अनवाणी पाय, आणि खोलीत एक काळा पडदा ज्यावर नुसती पांढरी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही. तुमच्यापैकी एकानं विचारलं होतं, "काका, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय का?" तर ते म्हणाले होते, "नाही, मी त्याच्या डोळ्यांनी बघतोय."

हा 'तो' म्हणजे फिरस्ता. त्यांचं सगळं आयुष्य या फिरस्त्यासाठी रस्ते करण्यात गेलं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण मला समजलं तसं लिहिते. आपण इंटरनेटवर काही शोधतो तेव्हा त्या क्षणी कोणी जगभर धावत सुटत नाही. शोधणाऱ्या कंपन्यांचे फिरस्ते आधीच सगळीकडे हिंडून, पानं वाचून, त्यांची नोंद करून बसलेले असतात. कॉलेजच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं तेच केलं, म्हणून मला ते चटकन पटलं. नोंद झालेलं पुस्तक सापडतं. न झालेलं पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखं.

पण पुष्कळशा वेबसाइटींवर पानं आधी लिहून ठेवलेली नसतात. ती मागणी आली की तेव्हाच तयार होतात, हॉटेलात डोसा घालतात तशी. "आणि फिरस्ता ऑर्डर देत नाही, काकू," ते सांगायचे. "त्याला पाय असतात, हात नसतात. तो चौकट भरणार नाही, बटण दाबणार नाही. वाट दिसली तर जाईल, नाही तर दारातून परत." लोकांनी हौसेनं बांधलेल्या अशा साइटी घेऊन ते त्यांत वाटा पाडायचे. पूर्वी हूटगळ्ळीच्या बाजूला एका कंपनीत नोकरी करत होते. तिथल्या इमारतीत कुठल्याच खोलीवर पाटी नव्हती, नुसते आकडे होते, म्हणून नोकरी सोडली असं ते सांगत. मला वाटायचं ही थट्टा असेल. नंतर ओळख वाढली तेव्हा कळलं की नव्हती.

आकड्यांचं आणि त्यांचं वैर होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर आहेत आणि कपाटाच्या दाराआत यादी चिकटवलेली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. ते पाहून त्यांना खरोखर त्रास झाला. "सतरा नंबर म्हणजे काय?"

"तूरडाळ."

"मग डब्यावर तूरडाळ लिहा की! यादी फाटली तर उपाशी राहाल."

"माझी यादी फाटत नाही," मी म्हणाले. तुमची थोरली आजी कोपऱ्यात बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होती, ती म्हणाली, "दोघं पण सुम्ने उगाच भांडताय. डाळ वासानं कळते."

ही थोरली आजी म्हणजे तुमच्या आजोबांची आत्या, यमुआत्या. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. मी या घरात आले तेव्हा तिनंच मला इथलं मराठी शिकवलं. त्यात निम्मं कन्नड असतं, हे माझ्या लक्षात यायलाही वर्ष लागलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची असताना समाजाची वेबसाइट झाली आणि पुढचं सगळं घडलं.

आमचे लोक मूळचे रंगारी. कापड रंगवायचे, छापायचे. आता कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, कोणाचं काही, पण घराण्यांची रजिस्टरं समाजानं जपून ठेवली आहेत. समितीनं ठरवलं की ती वेबसाइटवर घालायची. टंकायचं काम माझ्याकडे आलं. अकरा महिने मी रोज सकाळी दोन तास बसून प्रत्येक घराणं, प्रत्येक नाव भरलं. एकही चूक राहू दिली नाही, असं मी अभिमानानं सांगत असे.

साइट सुरू झाल्यावर एका संध्याकाळी वरचे काका कॉफीला खाली आले होते. यमुआत्यानं हातातला डबा बाजूला ठेवला आणि त्यांना विचारलं, "शांतीच्या मुलांनी आम्हाला शोधलं तर आम्ही सापडू काय?"

शांता ही तिची धाकटी बहीण. साठ वर्षांपूर्वी शाळेतल्या एका परजातीच्या शिक्षकाशी लग्न करून निघून गेली. उत्तरेत कुठे तरी, जमशेदपूरच्या बाजूला, एवढंच घरात माहीत होतं. तिचं नाव या घरात मी तोपर्यंत दोनदाच ऐकलं होतं.

"तुम्हीच शोधा की त्यांना," मी म्हणाले.

"मी कुठं शोधू? तिच्या नवऱ्याचं आडनाव पण मला आता आठवत नाही. त्यांनी शोधलं तर आम्ही दिसलो पाहिजे, एवढंच."

ते कॉफी तशीच ठेवून वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले ते वाईट बातमी घेऊनच. आमच्या साइटवर घराणं पाहायचं तर आधी गोत्र, मग आडनाव, मग मूळ गाव निवडायचं आणि बटण दाबायचं, अशी सोय होती. ती सोय मीच सुचवली होती. म्हणजे फिरस्त्याला एकही घराणं दिसत नव्हतं. त्याला दिसत होती फक्त चार पानं आणि छत्राच्या आरक्षणाचं कॅलेंडर. त्या कॅलेंडरवर 'पुढचा महिना' अशी वाट होती, तिच्यापुढे पुन्हा 'पुढचा महिना', आणि ती कुठे संपत नव्हती.

"आज तुमचा पाहुणा कुठे आहे सांगू, काकू? दोनशे वर्षांनंतरच्या डिसेंबरात. तारखा मोकळ्या आहेत का बघतोय. बिचारा थकून जातो आणि परत येऊन पुन्हा तिथूनच चालायला लागतो."

मी हसले. यमुआत्या हसली नाही. "म्हणजे आम्ही नाहीच," ती म्हणाली.

त्यानंतर दोन महिने त्यांनी समाजाचं काम फुकट केलं. समाजाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. कॅलेंडरच्या तोंडाशी 'इकडे येऊ नये' अशी फिरस्त्यासाठी पाटी लावली. प्रत्येक घराण्याला प्रश्नचिन्हं आणि आकडे नसलेला, वाचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता दिला. पण एका घराण्यावरून दुसऱ्यावर जायचं कसं, हे त्यांना सुटेना. तीन दिवस ते जिन्यात येरझारा घालत होते. चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मुली!" ते म्हणाले. "काकू, मुलगे आपापल्या पानावरच बसून राहतात. या पानावरून त्या पानावर जातात त्या मुली. जिथे मुलगी दिली तिथे वाट."

आणि खरंच तसं केलं. प्रत्येक मुलीच्या नावाला तिच्या सासरची वाट जोडली. एका घरातून निघालेला फिरस्ता आत्याच्या घरून मावशीच्या घरी, तिथून नणंदेच्या, असा सगळा समाज हिंडून आला. अध्यक्ष तर खूश झाले. "अय्यो, हे भारी झालं हो! सून कुठली तेपण कळतंय, अल्वा?"

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. पडद्यावर नावांची एक ओळ होती. "ही नावं भरलेली आहेत, पण कुठल्याच पानावर येत नाहीत. प्रत्येकापुढे 'दाखवू नये' अशी खूण आहे. खूण कोणी केली?"

"मी," मी म्हणाले.

जुन्या रजिस्टरात जातीबाहेर गेलेल्या मुलींच्या नावावर आडवी रेघ असते. समितीनं सांगितलं होतं, रेघ असेल तिथे खूण करा. मी केली. ओळीत सातवं नाव शांताचं होतं. मी ते भरलं तेव्हा यमुआत्या बहुधा शेजारच्याच खोलीत असेल. काम नीटनेटकं करण्याच्या नादात आपण काय करतोय हे मला दिसलंच नाही, आणि हे तुम्हाला सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

पुढच्या सभेत ते स्वतः समितीपुढे आले. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही चांगलं काम केलात, आम्ही शाल घालतो तुम्हाला. पण ती नावं बेडा, नकोत. घराघरात लग्नाच्या मुली आहेत. लोक काय म्हणतील?"

"मला जातीतलं काही कळत नाही," ते म्हणाले. "मला एवढंच दिसतं की या बायकांकडे जायला वाट नाही."

"नाही तर नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि सभा संपली.

घरी येताना मी त्यांना हळूच म्हटलं, "साइटच्या किल्ल्या तुमच्याकडेच आहेत. एवढं एक नाव कुठे तरी घालून टाका ना. लोकांना दिसणार नाही असं, फिरस्त्यालाच दिसेल असं."

ते रस्त्यातच थांबले. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "काकू, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचं? माणसांपासून लपवायचं आणि फिरस्त्याला दाखवायचं? आमच्या धंद्यात याला लबाडी म्हणतात. जे त्याला दाखवायचं ते सगळ्यांना दाखवायचं. नाही तर कोणालाच नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी समितीची नियमावली काढली. ती मीच लिहिली होती. त्यात एक कलम होतं: घराण्याच्या नोंदीत दुरुस्ती हवी असल्यास घराण्यातील हयात ज्येष्ठ व्यक्तीनं सहीनिशी अर्ज द्यावा आणि चिटणीसानं ती दुरुस्ती आठ दिवसांत करावी. लोकांनी तोंडी सांगून मला भंडावू नये म्हणून घातलेलं कलम. आमच्या घराण्यातली हयात ज्येष्ठ व्यक्ती स्वयंपाकघरात बसली होती आणि चिटणीस मी होते.

अर्ज मी लिहिला, यमुआत्यानं कन्नड अक्षरांत सही केली. मग शांताच्या पानावर काय लिहायचं हा प्रश्न आला. वरचे काका आले होते, त्यांच्यासमोर मी गोत्र, जन्मगाव, वडिलांचं नाव असं सुरू केलं. ते म्हणाले, "थांबा. तिच्या मुलांना गोत्र माहीत असेल का? आत्याबाई, तुमच्या बहिणीनं मुलांना माहेराबद्दल काय सांगितलं असेल? तेच शब्द ती मुलं शोधणार."

यमुआत्या बोलायला लागली. गल्लीभर आडव्या दोऱ्यांवर वाळणारं निळं कापड. वडिलांचे कोपरापर्यंत निळे हात, जे दसऱ्यालाही पांढरे होत नसत. दारातली दगडी डोणी, तिच्यात पडून शांताचा दात तुटला होता. मी ते इंग्रजीत आणि हिंदीत टंकत गेले, ते शेजारी उभं राहून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "अजून एक लिही. शांतीची पत्रं येत होती. पाच आली. बाबा घ्यायचे नाहीत. पोस्टमनला परत द्यायची तर त्यावर इंग्रजीत लिहावं लागायचं, 'रिफ्यूज्ड'. घरात इंग्रजी मलाच येत होतं. ते अक्षर माझं आहे. तिनं ओळखलं असणार."

माझे हात थांबले. मी मान वर करून काकांकडे पाहिलं. शब्द वाया गेलेला त्यांना खपत नसे. कोणी शोधणार नाही असं वाक्य दिसलं की ते लाल रेघ मारायचे. हे वाक्य कोण शोधणार होतं?

"लिहा," ते म्हणाले. "जसं सांगितलं तसंच."

पान चढलं. अध्यक्षांचा फोन आला, आवाज चढला, मी कलमाचा क्रमांक सांगितला. मग वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी ते फिरस्त्यांची हजेरी वाचायचे, इतर लोक पेपर वाचतात तशी. यमुआत्या जिन्याखाली येऊन विचारायची, "आला होता काय तो?"

"आला होता, आत्याबाई. आपलं पान वाचून गेला."

"काय म्हणाला?"

"तो काही म्हणत नाही. नोंद करून जातो."

असं एक वर्ष गेलं आणि वर काही महिने. त्या काळात माझ्याकडे रेघ मारलेल्या नावांच्या दुरुस्तीचे आणखी चार अर्ज आले. चारही बायकांच्या सहीचे, घडी घालून हातोहात दिलेले. मग एका दिवशी साइटवरून हिंदीत निरोप आला. लिहिणारी शांताची मुलगी होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं विचारलं होतं, मावशी आहेत का?

मी धावत वर गेले. ते म्हणाले, "काय शोधून आली? कुठला शब्द?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "बरं. पोचली ना." आणि पडदा बंद करून माझ्यामागून खाली आले.

फोनवर दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती. भाची हिंदीत बोलली, यमुआत्या आपल्या मराठीत, मधे मी. भाची म्हणाली, ते पाच लिफाफे आईनं जपून ठेवले होते. कधी उघडले नाहीत. ज्याला लिहिलं त्यानं उघडायचे असतात, म्हणायची. "मी उघडून वाचून दाखवू का?"

यमुआत्या म्हणाली, "नको. पाठव."

आठवड्याभरानं कुरियरवाला फाटकाशी आला. सही त्याच्या फोनच्या काचेवर बोटानं करायची होती. मी पुढे झाले तर यमुआत्यानं मला बाजूला केलं. कुरियरवाल्यानं फोन एकाच हातात सैल धरला होता. रेघ काचेवरून भलतीकडेच गेली.

"परवागिल्ला अज्जी, एनादरू गीची," तो म्हणाला. काहीही गिरवा, चालतं.

"चालत नाही," ती म्हणाली. "पूस ते."

त्यानं पुसलं. पुन्हा बिघडलं. त्याला हूटगळ्ळीपर्यंत जायचं होतं, तो घाई करायला लागला. तेव्हा वरच्या काकांनी जिन्यावरून उतरून त्याच्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे घट्ट धरून उभे राहिले. यमुआत्यानं इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं काढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि मग पाकिटासाठी हात पुढे केला.